किल्ल्यांचा रकाना

शहरात वर्षभरात किती जणांनी एकमेकांची डोकी फोडली आणि किती गाड्या दारासमोरून नाहीशा झाल्या, हे नेमकं एकाच बाईंना ठाऊक असायचं, आणि त्यांना त्या माहितीचा आता मनापासून वीट आला होता. पोलीस मुख्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत त्या एकतीस वर्षं बसत होत्या. सगळे त्यांना आकडेबाई म्हणत. बाईंनी कधी वर्दी घातली नाही की समोरासमोर चोर पाहिला नाही. पण सव्वीस ठाण्यांचे कागद त्यांच्या टेबलावर येत आणि बाई त्यांची बेरीज करत. मग साहेब ती बेरीज वर्तमानपत्रवाल्यांना वाचून दाखवत आणि शहर सुधारलं की बिघडलं हे ठरे.

या वर्षी शहर सुधारलं होतं. मारहाण, खून, जबरी चोरी असे सगळे हिंसक गुन्हे गेल्या वर्षी बाराशे चाळीस होते, यंदा अकराशे अठ्ठ्याहत्तर. बरोब्बर पाच टक्क्यांनी घट. वर्षाच्या सुरुवातीला वरून हुकूम आला होता तोही पाच टक्क्यांचाच. माणसं इतकी आज्ञाधारकपणे एकमेकांना मारायची थांबतात हे पाहून बाईंना हसूही आलं नाही. कारचोऱ्या तेवढ्या वाढल्या होत्या, आठशे साठवरून नऊशे एकोणनव्वदवर.

"गाड्याच वाढल्यात हो बाई," साहेब म्हणाले होते. "तळटीप टाका, वाहनसंख्या वाढल्यामुळे. शुक्रवारी संध्याकाळी सही करून द्या तक्ता, शनिवारी सकाळी पत्रकार यायचेत."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याच्याही वर कुणीतरी होतं आणि त्याच्याही वर कुणीतरी.

सोमवारी बाई शेवटची तपासणी करत होत्या. हाताखाली एक मुलगी नव्यानेच लागली होती, तिला सगळे नवी म्हणत. नवीला अजून कामाचा कंटाळा आलेला नव्हता, त्यामुळे ती प्रश्न विचारायची, आणि बाईंच्या डोक्याला तो एक वेगळाच ताप होता.

"बाई, गाडी चोरीला गेली तर किल्ली कशी जाईल?" नवीनं विचारलं.

"म्हणजे?"

"हा बघा ना रकाना. फिर्याद देताना मालकानं किल्ल्या दाखवायच्या, किती आहेत ते लिहायचं. गाडी दारातून नेली तर दोन्ही किल्ल्या घरातच असणार ना? बहुतेकांच्या दोन आहेत. पण इथं एक. इथंही एक. हे बघा, पुन्हा एक."

"हरवली असेल एखाद्याची. राहिली असेल गाडीत."

"मग शेऱ्यात तसं लिहितात ना. काहींनी लिहिलंय. यांचा शेरा कोराच आहे."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तो रकाना त्यांनी कधी वाचलाच नव्हता. त्याची बेरीज कुणी मागत नसे, म्हणून तो फक्त विम्यासाठी असतो असं धरून चालायची खोलीतली जुनी पद्धत होती. दारासमोरची गाडी नेणारा किल्ली मागायला घरात येत नाही. पण सिग्नलला उभ्या गाडीतून माणसाला ओढून बाहेर काढलं, तर किल्ली गाडीबरोबरच जाते. आणि तसं झालं असेल तर ती चोरी नव्हे, जबरी चोरी. एका प्रसंगात दोन गुन्हे घडले तर जड असेल तो मोजायचा, हा या खोलीचा पहिला नियम. ठाण्यांनी जडाऐवजी हलका लिहिला होता. गुन्ह्याचं नाव बदलायचं त्यांच्या लक्षात राहिलं, पण किल्ल्यांचा रकाना मात्र ते खरा भरून बसले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तर तेही नीट जमलं नव्हतं मेल्यांना!

संध्याकाळपर्यंत दोघींनी सगळे अर्ज उपसले. एकच किल्ली आणि कोरा शेरा असे एकाहत्तर निघाले. गेल्या वर्षीचेही काढले. तिथं एक किल्लीवाले अकराच होते आणि अकराही जणांचा शेरा स्वच्छ लिहिलेला होता. म्हणजे पाणी मुरत होतं ते याच वर्षी.

एकाहत्तरातला एक अर्ज बाईंनी नवीला दिसण्याआधी उचलला आणि गठ्ठ्याच्या तळाशी घातला. त्यावरचा फोन नंबर त्यांना पाठ होता. अर्ज त्यांच्या नवऱ्याचा होता.

बाईंच्या नवऱ्याला अख्खा भाग मास्तर म्हणायचा. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. निम्म्या शहरानं त्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या आणि ते निम्मं शहर रस्त्यात दिसलं की अजून दबकून नमस्कार करायचं. त्यांची ती लहानशी पांढरी गाडी, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली, पाच महिन्यांपूर्वी गेली. स्टेशनरीच्या दुकानासमोर उभी केली होती, बाहेर येऊन बघतो तर नाही, असं मास्तरांनी सांगितलं होतं. शोधायला धावताना फुटपाथवरून पाय घसरला आणि मनगट मोडलं, असंही सांगितलं होतं. आठ दिवसांनी गाडी एका गोदामामागे सापडली, ओरखडासुद्धा नव्हता. मनगटही महिन्यानं जुळलं. मास्तर मात्र जुळले नाहीत.

ते खिडकीशी बसत. खिडकीतून गाडी दिसायची, तिच्यावर घातलेली ताडपत्री दिसायची. शिकायला आलेल्यांना ते सांगत, गुडघा दुखतोय, पुढच्या महिन्यात बघू. रात्री दाराची कडी दोनदा तपासत. नणंद एकदा येऊन म्हणाली, "काय रे दादा, गाडी सापडली तरी तोंड सुतकी?" तर तिच्यावर असे खेकसले की ती चहा अर्धा टाकून गेली. बाईंनी वयावर ढकललं, रिकामपणावर ढकललं, शेवटी साखरेवर ढकलून रक्तसुद्धा तपासून आणलं. सगळं ठीक निघालं.

दिवाणखान्यातल्या खिळ्याला गाडीची किल्ली टांगलेली असे. एकच. पाच महिने येताजाता बाईंना ती दिसत होती. एकतीस वर्षं शहराची मोजदाद केली आणि घरातली किल्ली मोजली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सोमवारी संध्याकाळी घरी जाऊन त्या खिळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"काय बघतेस?" मास्तरांनी खिडकीशी बसल्या बसल्या विचारलं.

"काही नाही. भिंतीला रंग काढायला हवा."

विचारावं असं त्यांना फार वाटलं. पण पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांना एक पक्कं कळलं होतं, की या माणसाला सरळ विचारलं की तो शिंपल्यासारखा मिटतो.

मंगळवारपासून दोघींनी फोन लावायला सुरुवात केली. सही होण्याआधी फिर्यादीला फोन करून खात्री केली तर गुन्ह्याचा रकाना बदलता येतो, असा नियम होता. तो कुणी वापरत नसे एवढंच. सहा प्रश्नांचा छापील कागद होता. गाडी कुठे होती, आपण कुठे होता, कुणी धमकावलं का, इजा झाली का, ठाण्यात आपण काय सांगितलं होतं, आणि शेवटी, आणखी काही सांगायचंय का. बाई तोच कागद वाचायच्या, एका सुरात. आपुलकीनं विचारलं की लोक बिचकतात आणि कोरडेपणानं विचारलं की बोलतात, हा त्यांचा जुना अनुभव होता.

लोक बोलले. एका दाईला पेट्रोल पंपावर गाडीतून बाहेर ढकललं होतं. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एकाला त्याच्याच शिडीनं मारलं होतं. तिघांना ठाण्यात म्हणे सांगितलं होतं की जबरी चोरी लिहिली तर कोर्टाच्या खेपा घालाल, साधी चोरी लिहू या, सोपं पडेल. एक म्हातारे गृहस्थ सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "बाई, तुम्ही पहिल्याच हं, शेवटपर्यंत ऐकलंत." बाईंनी तोही फोन ठेवला आणि कागदावर खूण केली. नवी मधेच उठून बाथरूममध्ये जाऊन रडून आली. बाईंना रडूही येत नव्हतं, नुसते खांदे दुखत होते.

शुक्रवारी चार वाजता हिशेब असा होता: एकाहत्तरातले पाच जण फोन उचलत नव्हते, तिघांच्या किल्ल्या खरंच हरवलेल्या होत्या, बासष्ट जणांवर जबरदस्ती झालेली होती. आणि एक तळाशी.

बाईंनी बेरीज केली आणि कपाळाला हात लावला. अकराशे अठ्ठ्याहत्तर आणि बासष्ट, बाराशे चाळीस. गेल्या वर्षाइतकेच. घट नाही, वाढ नाही. नशिबाचीही काय थट्टा असते बघा! इथं थांबलं तर साहेबांना 'परिस्थिती स्थिर' असं म्हणता येत होतं. कुणाच्या पोटावर पाय येत नव्हता, कुणाची अब्रू जात नव्हती. तळाचा कागद 'संपर्क होऊ शकला नाही' म्हणून सहाव्या जागी ठेवला असता तर विचारायला कोण येणार होतं?

"तू जा घरी," बाई नवीला म्हणाल्या. "चार दिवस मान मोडून काम केलंस."

"एक राहिलाय ना पण?"

"तो मी करते."

नवी गेली. बाईंनी दार लोटून घेतलं. तळाचा कागद वर काढला. नंबर फिरवताना बोटं एकदा चुकली, पाठ असलेला नंबर असूनही.

"हॅलो."

"नमस्कार. मी पोलीस मुख्यालयातून, सांख्यिकी शाखेतून बोलते आहे," बाईंनी कागदावरचं वाचलं. "आपण पाच महिन्यांपूर्वी वाहनचोरीची फिर्याद दिली होती. त्याविषयी थोडी माहिती हवी होती. दोन मिनिटं बोलता येईल का?"

 पलीकडे स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो ऐकू आला. सकाळीच त्या म्हणाल्या होत्या, वायसर बदला म्हणून.

"अगं..." मास्तर म्हणाले आणि थांबले.

"आपण दिलेली माहिती फक्त मोजणीसाठी वापरली जाईल," बाईंनी पुढची ओळ वाचली. आवाज हलू नये म्हणून टेबलाची कड धरली होती. "सांगायची सक्ती नाही."

पुन्हा तो नळ. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"विचारा मॅडम," मास्तर म्हणाले.

"गाडी त्या वेळी कुठे होती?"

"सिग्नलला. कालव्याच्या पुलाआधीच्या."

"आपण कुठे होता?"

"आतच होतो. स्टिअरिंगवर. एकटाच होतो."

"कुणी धमकावलं का?"

"दोघं होते. विशीतले असतील. एकाच्या हातात चाकाचा पाना होता. दार उघडून म्हणाला, उतर. मी..." मास्तरांचा श्वास ऐकू येत होता. "मी उतरलो, मॅडम. ओरडलो नाही की काही नाही. निमूट उतरलो."

बाईंनी लिहून घेतलं. निमूट हा शब्द लिहिला नाही.

"इजा झाली का?"

"ती आधी नाही झाली. तो दुसरा बसला स्टिअरिंगवर. त्याला गाडी येतच नव्हती. दोनदा बंद पाडली. मागचे हॉर्न मारतायत, हा किल्ली फिरवतोय. तर हा पानावाला माझ्यावरच भडकला. मनगटावर मारला. म्हणाला, काय भानगड आहे गाडीत? आणि मी..."

"सावकाश सांगा," बाई म्हणाल्या. हे कागदावर नव्हतं.

"मी हात धरून उभा होतो रस्त्यात. आणि माझ्या तोंडातून गेलं, क्लच हळू सोड रे. हळू. बत्तीस वर्षांची जित्याची खोड! त्यानं हळू सोडला. आणि गेली गाडी. झकास गेली." मास्तर हसले, पण ते हसणं मधेच फाटलं. "माझी गाडी माझ्यासमोरून न्यायला मीच शिकवलं, मॅडम."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. ते त्यांनी येऊ दिलं. आवाजात येऊ दिलं नाही.

"ठाण्यात आपण काय सांगितलं होतं?"

"हेच सांगायला लागलो. तो लिहिणारा हसला. वाईट नव्हता हो पोरगा, पण हसला. म्हणाला, म्हणजे तुम्हीच क्लास घेतलात की चोराचा. मग म्हणाला, काका, साधी चोरीच लिहू या, दुकानासमोरून गेली म्हणून. सोपं पडेल. मला बरंच वाटलं. म्हटलं लिही बाबा. मग घरी पण तेच सांगितलं."

"आणखी काही सांगायचं आहे का?"

 खाली मुख्यालयाच्या आवारात कुणीतरी शिट्टी वाजवून गाड्या मागे घ्यायला लावत होतं.

"मॅडम, एक विचारतो," मास्तर म्हणाले. "आमच्या मंडळींना यातलं काही माहीत नाही. फार हुशार बाई आहे. तिला कळलं तर तिला काय वाटेल, याचीच भीती वाटते. पाच महिने तेवढीच वाटतेय. त्या पानावाल्याची नाही."

बाईंनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"तिला काही वाईट वाटणार नाही," त्या म्हणाल्या. "आपण जिवंत घरी आलात, तिला तेवढंच पुरे असेल. अशा प्रसंगात निमूट उतरायचं असतं. आम्ही सगळ्यांना हेच सांगतो."

"असं का?"

"हो."

"बरं मॅडम. आभारी आहे."

फोन ठेवल्यावर बाईंनी तोंड धुतलं, केस सारखे केले आणि तक्त्यातला आकडा खोडून नवा लिहिला. बाराशे एक्केचाळीस. कारचोऱ्या नऊशे सव्वीस. सही केली आणि साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी सगळं वाचलं. पुन्हा वाचलं. पंखा कमी करायला उठले आणि न करताच बसले.

"बाई, हे हात दाखवून अवलक्षण झालं."

"हो साहेब."

"बासष्ट समजू शकतो. ठाण्यांना मी झापतो, ते माझ्याकडे लागलं. पण बाराशे चाळीस असते तर मी 'स्थिर' म्हणू शकलो असतो. हा एक जास्तीचा कशाला? एकानं काय होतं?"

"काहीच होत नाही साहेब."

"मग काढा ना तो. पाच जण तसेही फोनवर मिळाले नाहीत, हा सहावा."

"मिळाला साहेब. मी स्वतः बोलले."

"तुम्हाला दोनच वर्षं राहिलीत," साहेब म्हणाले. धमकीचा सूर नव्हता, दमलेला होता. "कशाला वाईटपणा घेता?"

"माझ्यानं तो काढवणार नाही, साहेब. तुम्हाला काढायचा तर काढा, मग सहीही तुमचीच करा," बाई म्हणाल्या, आणि न सांगता खुर्चीत बसल्या.

साहेबांनी पेन उघडलं. एक्केचाळीसवर टोक धरलं. मग बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि टोपण लावून टाकलं. "चहा घेणार?" त्यांनी विचारलं.

घरी पोचल्या तेव्हा मास्तर नळापाशी बसले होते, हातात वायसर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर नळाकडे नेली.

"उशीर झाला," मास्तर म्हणाले.

"कामं होती. लोकांना फोन करायचे होते."

"बोलतात का लोक?"

"बोलतात. विचारलं की बोलतात."

जेवणं झाली.  त्या रात्री मास्तरांनी कडी एकदाच तपासली, हे बाईंनी अंधारात ऐकलं.

रविवारी बातमी आली, आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. मास्तरांनी चष्मा नाकावर ओढून मोठ्यानं वाचली.

"'शहरातील हिंसक गुन्ह्यांत एकाने वाढ.' एकानं! हीसुद्धा काय बातमी झाली?"

"नाहीतर काय," बाई म्हणाल्या. त्या कपडे दोरीवर टाकत होत्या.

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. पुन्हा उचलला. ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात.

"हा एक कोण असेल गं?"

बाईंनी चादर झटकली, दोरीवर सरळ केली, चिमटे लावले.

"असेल कुणीतरी," त्या म्हणाल्या. "पण मोजलाय त्याला. काढा म्हणत होते, मी नाही काढला."

 मास्तरांनी पेपराची घडी घातली, उठले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि चपला अडकवून खाली गेले. थोड्या वेळानं बाईंनी खिडकीतून पाहिलं तर ते ताडपत्रीच्या गाठी सोडत होते, जुळलेल्या मनगटानं, एकेक करून.